हिवताप, विळापेशी आणि जीवजातींची उत्पत्ती : एटापल्ली परिसरातील निसर्गनिवड

निसर्गनिवडीचा सिद्धांत वर्गात शिकविला जातो तेव्हा उदाहरणे बहुधा दूरदेशीची असतात. गॅलापागोस बेटांवरील फिंच पक्ष्यांच्या चोची आणि इंग्लंडातील कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या झाडांवरचे पतंग यांच्यापलीकडे पाठ्यपुस्तक सहसा जात नाही. उदाहरणे उत्तमच आहेत. परंतु त्यांच्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात एक गैरसमज मूळ धरतो. निसर्गनिवड ही कुठेतरी दूर, कोणे एके काळी घडलेली घटना आहे असे त्याला वाटू लागते. वस्तुतः गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व भागात, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या एटापल्ली तालुक्यात, या प्रक्रियेचा एक संपूर्ण पाठ उघडा पडलेला आहे. त्यात पात्रे तीन आहेत : माणूस, हिवतापाचा परजीवी आणि डास. तिघांवरही निवड चालते, आणि तिन्ही ठिकाणी तिचा परिणाम निरनिराळा होतो. एका ठिकाणी केवळ एक लक्षण घडते, दुसऱ्या ठिकाणी औषध निकामी होते, तर तिसऱ्या ठिकाणी नव्या जीवजाती वेगळ्या झालेल्या दिसतात. हा फरक का पडतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

आरंभी एका शब्दाविषयी खुलासा करणे इष्ट ठरेल. मराठीत ‘जाती’ हा शब्द समाजातील जातींनाही लावतात आणि जीवशास्त्रातील वर्गीकरणाच्या मूलभूत घटकालाही लावतात. एका शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे पुष्कळ घोटाळे झालेले आहेत. यास्तव येथे जीवशास्त्रीय अर्थाने सर्वत्र ‘जीवजाती’ हाच शब्द योजिला आहे.

एटापल्लीचा मुलूख डोंगराळ व दाट जंगलाचा आहे. बांडिया नदी आणि तिला मिळणारे असंख्य ओढे-नाले पावसाळ्यात भरून वाहतात, आणि कित्येक गावांचा संपर्क तुटतो. वस्ती प्रामुख्याने माडिया गोंडांची आहे. धानाची शेती, मोह, तेंदू व इतर वनोपज यांवर त्यांचा निर्वाह चालतो. पूर्वी डोंगरउतारावर जंगल तोडून व जाळून केली जाणारी पेंदा शेतीही सर्रास होती. पाऊस, सावलीतले संथ वाहणारे झरे, नदीपात्रातील डबकी आणि घराशेजारचा गुरांचा गोठा हे सगळे अॅनाफिलिस डासांना मानवणारे आहे. महाराष्ट्रातील हिवतापाच्या नकाशात गडचिरोली जिल्हा दीर्घकाळ सर्वांत वरच्या स्थानी राहिला आहे, आणि येथील रुग्णांत प्लास्मोडियम फॅल्सिपेरम या घातक परजीवीचे प्रमाण मोठे असते. हा परजीवी लहान मुलांचा जीव घेतो. निसर्गनिवडीच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरते. कारण जे मूल वयात येण्यापूर्वी दगावते त्याची जनुके पुढच्या पिढीत पोचत नाहीत.

याच लोकसमूहात रक्ताचे एक आनुवंशिक वैशिष्ट्य मोठ्या प्रमाणात आढळते. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन हा चार शृंखलांचा बनलेला असतो. त्यांपैकी बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले की प्राणवायू कमी असताना हिमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवितात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. एका स्थानावरील एवढ्याशा बदलाचा हा परिणाम आहे. शिकागो येथील हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हा रेणूचाच आजार असल्याचे दाखविले. आणि इन्ग्रॅम यांनी १९५७ च्या सुमारास नेमका कोणता घटक बदलला ते शोधून काढले. भारतात या पेशींची नोंद १९५२ साली लेहमान व कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत केली. मध्य भारतात १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनी नागपुरातील निरीक्षणे लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केली. महाराष्ट्रभरातील आदिवासी समूहांची पाहणी पुढे डॉ. सुदाम काटे यांनी अनेक वर्षे चिकाटीने केली. काटे व लिंगोजवार यांच्या २००२ सालच्या अहवालानुसार निरनिराळ्या जमातींत वाहकांचे प्रमाण शून्यापासून पस्तीस टक्क्यांपर्यंत आहे. माडिया, भिल्ल, पावरा, परधान इत्यादी समूहांत ते वीस ते पस्तीस टक्के आढळले.

‘वाहक’ या शब्दाचा अर्थ येथे नीट ध्यानात घ्यावयास हवा. प्रत्येक व्यक्तीला बीटा शृंखलेचे जनुक आईकडून एक व बापाकडून एक असे दोन मिळतात. दोन्ही सर्वसाधारण असतील तर ती व्यक्ती समयुग्मी व निरोगी असते. दोन्ही बदललेली असतील तर तीही समयुग्मी, पण तिला सिकलसेल आजार जडतो. सांध्यांत व हाडांत असह्य वेदनांचे झटके येतात, रक्तक्षय होतो, प्लीहा निकामी होते, साध्या जंतुसंसर्गानेही मूल दगावू शकते. ज्या व्यक्तीला एक जनुक सर्वसाधारण व एक बदललेले मिळते ती विषमयुग्मी, म्हणजे वाहक. ती सामान्यतः पूर्ण आयुष्य निरोगी जगते आणि रक्ततपासणी होईपर्यंत आपण वाहक असल्याचे बहुधा तिला ठाऊकही नसते.

आता कोडे असे की, जे जनुक दुपटीने आले असता मुलाचा जीव घेते, ते निसर्गनिवडीने केव्हाच नाहीसे व्हायला हवे होते. तसे न होता चार-पाच माणसांमागे एक वाहक आढळावा, हे कसे? जनुकांतील आकस्मिक बदल, म्हणजे उत्परिवर्तन, इतक्या वारंवार घडत नाही की झालेली झीज त्याने भरून निघावी. अर्थात, या जनुकाचा काहीतरी लाभ असला पाहिजे.

त्या लाभाची दिशा जे. बी. एस. हॅल्डेन यांनी सुचविली. भूमध्यसागरी प्रदेशात आढळणाऱ्या थॅलेसीमिया या दुसऱ्या रक्तविकाराचे वाहक हिवतापापासून अंशतः सुरक्षित असावेत, असा तर्क त्यांनी १९४९ साली मांडला. (हेच हॅल्डेन १९५७ साली कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निधन पावले. गोंडवनाच्या शेजारी इतकी वर्षे काढलेल्या या विद्वानाच्या तर्काचे एक उत्तम उदाहरण एटापल्लीत सापडावे, हा योगायोग चटका लावणारा आहे.) विळापेशींच्या बाबतीत प्रत्यक्ष पुरावा १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून आणला. जेथे हिवताप तीव्र तेथे वाहक पुष्कळ, आणि उंच थंड प्रदेशात जेथे डास कमी तेथे वाहक विरळ, असा मेळ त्यांना आढळला. नंतरच्या अभ्यासांनी दाखविले की आफ्रिकी मुलांत वाहकत्वामुळे तीव्र फॅल्सिपेरम हिवतापाचा धोका सुमारे नव्वद टक्क्यांनी घटतो. वाहकाच्या पेशीत परजीवी शिरला म्हणजे ती पेशी लवकर वाकडी होते व प्लीहा तिला परजीवीसकट गाळून टाकते. शिवाय प्राणवायू कमी असलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अशा पेशीमध्ये परजीवीची वाढच खुंटते.

या लाभ-हानीचा हिशेब साध्या अंकगणिताने मांडता येतो, आणि तो एकदा स्वतः मांडून पाहिल्याखेरीज निसर्गनिवड म्हणजे काय याची खरी कल्पना येत नाही. एखाद्या लोकसमूहात बदललेल्या जनुकाचे प्रमाण दहापैकी एक आहे असे धरावे. वाहकांच्या सुमारे वीस टक्के प्रमाणाशी हे जवळपास जुळते. हार्डी व वाइनबर्ग यांच्या नियमाप्रमाणे एक हजार नवजात बालकांपैकी ८१० सर्वसाधारण समयुग्मी, १८० विषमयुग्मी आणि १० आजारी समयुग्मी असतील. ही दहाही मुले वयात येण्यापूर्वी दगावली असे समजले तर बदललेल्या जनुकाच्या २०० प्रतींपैकी २० नष्ट झाल्या. प्रमाण तरीही दहास एक असेच टिकायचे असेल, तर सर्वसाधारण जनुकाच्या १८०० प्रतींपैकीही दहावा हिस्सा, म्हणजे १८०, नष्ट झाल्या पाहिजेत. प्रत्येक मुलात दोन प्रती असल्याने याचा अर्थ असा की, ज्यांच्यात बदललेले जनुक अजिबात नाही अशा ८१० मुलांपैकी ९० मुले हिवतापाने दगावली पाहिजेत. उरतात ७२० आणि १८०. त्यांत बदललेल्या जनुकाचे प्रमाण पुन्हा नेमके दहास एक.

एका हजारामागे दहा मुले एका जनुकाच्या दुपटीमुळे आणि नव्वद त्याच्या अभावामुळे : समतोल या गुळगुळीत शब्दाआड दडलेला अर्थ हा आहे. निसर्गनिवड लोकसमूहाचे भले करते, त्याला ‘सुधारते’, अशी जी समजूत सुशिक्षितांतही आढळते तिला या हिशेबाने धक्का बसावा. येथे कोणीही सुधारले नाही. सर्वांत योग्य ठरलेल्या विषमयुग्मी व्यक्तीची प्रत तंतोतंत निघू शकत नाही. दोन वाहकांच्या अपत्यांत पुन्हा चौथा हिस्सा आजारी व चौथा हिस्सा असुरक्षित, असेच विभाजन होते. निवड केवळ पुढील पिढीतील प्रतींची संख्या मोजते. वेदना तिच्या हिशेबात धरली जात नाही.

अर्थात, वरील आकडे ढोबळ आहेत. मध्य भारतातील विळापेशींचे जनुक गुणसूत्रावरील ज्या शेजारी खुणांसह आढळते, त्या संचास अरब-भारतीय संच म्हणतात. भारताखेरीज तो अरबस्तानाच्या पूर्व भागात सापडतो. या संचाबरोबर गर्भकालीन हिमोग्लोबिन जन्मानंतरही बऱ्याच प्रमाणात टिकून राहतो व आजाराची तीव्रता काहीशी कमी होते. आजारी मुलांपैकी निम्मीच दगावतात असे धरले तर समतोलासाठी नव्वदऐवजी पंचेचाळीस मुले हिवतापाने जावी लागतील. (हे उत्परिवर्तन जगात अनेकदा स्वतंत्रपणे घडले की एकदाच घडून पसरले, यावर विद्वानांत अद्याप मतभेद आहेत.) मात्र आजाराच्या सौम्यतेवर फार भिस्त ठेवणे धोक्याचे होय. विदर्भातील कित्येक रुग्णांना तीव्र झटके येतात, हा तेथील वैद्यांचा नित्याचा अनुभव आहे.

हिवतापाने या मुलखातील रक्तावर उमटविलेली ही एकमेव खूण नव्हे. मध्य व पूर्व भारतातील आदिवासींत जी-६-पी-डी या विकराची न्यूनताही आढळते आणि तिचा ‘ओरिसा’ नावाने ओळखला जाणारा प्रकार विशेष प्रचलित आहे. तिच्यामुळेही हिवतापापासून काही संरक्षण मिळते असे मानले जाते. पण अशा व्यक्तीला प्रायमाक्विन हे हिवतापाचेच औषध दिले तर तिच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. एकाच शत्रूविरुद्ध शरीराने केलेली जुनी तडजोड नव्या औषधाच्या आड येते ती अशी.

आता परजीवीची बाजू. माणसाची एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर त्या अवधीत परजीवीच्या शेकडो पिढ्या होतात, त्यामुळे त्याच्यावरील निवडीचा वेग डोळ्यांदेखत जाणवतो. भारतात क्लोरोक्विनला दाद न देणाऱ्या फॅल्सिपेरमची पहिली नोंद १९७३ साली आसामातील कार्बी आंगलाँग येथे झाली. पुढे काही दशकांत हा प्रतिकार देशभर पसरला. त्याच्या मुळाशी परजीवीच्या एका वाहक प्रथिनातील ७६ व्या स्थानावरचा बदल असतो. माणसात सहाव्या स्थानी एक घटक बदलला, परजीवीत शहात्तराव्या, कार्यपद्धती एकच. आणि परजीवी केवळ औषधालाच उत्तर देतो असे नाही. गांबिया व केनिया येथील मुलांच्या अभ्यासातून २०२१ च्या अखेरीस असे प्रसिद्ध झाले की, परजीवीच्या काही जनुकप्रकारांवर विळापेशी-वाहकत्वाचे संरक्षण फारसे चालत नाही, आणि असे प्रकार वाहक मुलांतील संसर्गांत अधिक आढळतात. माणसाने हजारो वर्षांत मिळविलेल्या संरक्षणावर परजीवीने आपल्या परीने तोड काढली, असाच याचा अर्थ होतो. एटापल्लीतील परजीवींची या दृष्टीने तपासणी करणे उपयुक्त ठरेल.

येथवर जे पाहिले त्यात लक्षणे घडली, जीवजाती मात्र घडल्या नाहीत. या भेदाकडे पाठ्यपुस्तके पुरेसे लक्ष देत नाहीत. निवडीचा दाब पुरेसा व दीर्घ असला म्हणजे आपोआप नवी जीवजाती निर्माण होते, असा समज त्यांतून होतो. एटापल्लीच्या जंगलातील माणसांवर हिवतापाचा दाब शतकानुशतके होता. दख्खनच्या कोरड्या पठारावर तो पुष्कळ कमी होता. रक्तात फरक पडला, माणूस मात्र एकच राहिला. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली मांडलेल्या व्याख्येनुसार, ज्या समूहांत परस्पर संकर होऊन प्रजननक्षम संतती होऊ शकते ते एका जीवजातीचे. माणसांत ही देवघेव कधीच थांबली नाही. माडियांची विवाहपद्धतीच तिला पोषक आहे : मानल्या जाणाऱ्या देवांच्या संख्येवरून कुळांचे गट पडतात आणि एकाच संख्येचे देव मानणाऱ्यांत सोयरीक होत नाही. परिणामी वधू दुसऱ्या कुळातून, बहुधा दुसऱ्या गावातून येते आणि जनुके गावोगाव फिरती राहतात. या नियमाला दुसरी बाजूही आहे. गोंड समाजांत आते-मामे भावंडांच्या विवाहाची प्रथा आहे, आणि सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्यांत समयुग्मी होण्याची शक्यता वाढते. वरच्याच उदाहरणात ती शंभरात एकवरून दीडाहून थोडी अधिक होते. कुळाबाहेरचा विवाह आणि नात्यातला विवाह यांचा हा विरोध वरवरचा आहे. आत्याचे व मामाचे कूळ वेगळेच असते.

सिकलसेलचे जनुक आदिवासींपुरते मर्यादित नाही, ही गोष्ट तर आणखी बोलकी आहे. विदर्भातील अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतही ते आढळते. जेथे हिवताप होता तेथे ते टिकले आणि जेथे माणसे एकत्र आली तेथे ते गेले. सामाजिक जातींच्या भिंती जनुकांनी मानल्या नाहीत. एखाद्या समाजाचा ‘रक्तदोष’ म्हणून या आजाराकडे पाहणारा माणूस जीवशास्त्राविषयीचे आपले अज्ञानच प्रकट करतो.

मग नवी जीवजाती केव्हा निर्माण होते? जनुकांची देवघेव थांबते तेव्हा. सर्वांत परिचित मार्ग भौगोलिक दुराव्याचा आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला शेकरू झाडाच्या शेंड्याशेंड्यांवरून वावरतो. सलग जंगल तुटले की त्याची देवघेव तुटते. सह्याद्रीतील आणि मध्य भारतातील शेकरूंच्या रंगांत जो स्थानपरत्वे फरक पडतो त्यावरून त्यांच्या उपजाती मानल्या गेल्या आहेत. ते वाटेवर आहेत. पोचले आहेत असे म्हणता येत नाही.

वाट पूर्ण झालेली पाहावयाची असेल तर पुन्हा हिवतापाकडेच, पण तिसऱ्या पात्राकडे, वळावे लागते. मध्य भारतात हिवताप पसरविणारे दोन प्रमुख डास म्हणजे अॅनाफिलिस क्युलिसिफेसिस आणि अॅनाफिलिस फ्लुविएटिलिस. पहिला डबकी, नदीपात्रे, धानाची शेते यांत वाढतो; दुसरा डोंगरातल्या संथ वाहत्या झऱ्यांत. कित्येक दशके त्या दोन स्वतंत्र जीवजाती मानल्या जात. तथापि, मैदानी निरीक्षणांत विसंगती आढळत असत. एका जिल्ह्यात फ्लुविएटिलिस घराघरांत शिरून माणसांना चावतो, दुसऱ्या जिल्ह्यात तोच डास गोठ्यात राहून गुरांचेच रक्त पितो आणि हिवताप जवळपास पसरवीत नाही. डासाच्या स्वभावातील लहर म्हणून हे सोडून दिले जाई.

उलगडा गुणसूत्रांनी केला. डासांच्या अंडाशयातील पोषक पेशींत अतिशय मोठी, पट्टेदार गुणसूत्रे असतात, आणि त्यांवरील पट्ट्यांचा क्रम सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येतो. गुणसूत्राचा एखादा तुकडा निखळून उलटा बसला, म्हणजे त्याचे व्युत्क्रमण झाले, तर पट्ट्यांचा क्रम उलटा दिसतो. सुब्बाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली फ्लुविएटिलिसच्या दुसऱ्या गुणसूत्रावरील दोन व्युत्क्रमणांच्या आधारे एस, टी व यू अशा तीन जीवजाती दाखवून दिल्या. एस प्रकारात दोन्ही तुकडे मूळ क्रमात असतात. टीमध्ये एक उलटा. यूमध्ये दोन्ही उलटे. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. ओडिशाच्या जंगलपट्ट्यातील एस माणसाच्या रक्तावर जगतो व हिवतापाचा समर्थ वाहक आहे. टी व यू मुख्यतः गुरांवर जगतात. क्युलिसिफेसिसचीही अशीच फोड झाली. ग्रीन व माइल्स यांनी १९८० साली ए व बी वेगळे केले, पुढे सी, डी, ई यांची भर पडली. आणि त्यांपैकी बी हा हिवतापाचा फारच दुबळा वाहक निघाला.

ही एकाच जीवजातीतील विविधता नव्हे, या स्वतंत्र जीवजाती आहेत, असे कशावरून म्हणावे? युक्तिवाद सोपा आणि सुंदर आहे, आणि तो त्याच हार्डी-वाइनबर्ग नियमावर उभा आहे. एखाद्या खेड्यात मूळ क्रमाचे व उलट क्रमाचे डास निम्मेनिम्मे असतील आणि त्यांच्यात मुक्तपणे मीलन होत असेल, तर निम्म्या माद्या विषमयुग्मी मिळाल्या पाहिजेत. त्यांच्या गुणसूत्रांच्या जोडीत उलट्या तुकड्याच्या जागी एक वेटोळे पडते. ते लपत नाही. ज्या ठिकाणी एस व टी शेजारी शेजारी राहतात तेथे हजेरी दोघांचीही लागते, विषमयुग्मी मात्र मिळत नाहीत. एकाच छपराखाली राहून त्यांची देवघेव बंद आहे. मीलनच होत नाही की संकर जन्मून टिकत नाही, हा पुढचा प्रश्न. निष्कर्ष दोन्ही परींनी तोच निघतो.

माणसाचे उदाहरण आणि डासाचे उदाहरण येथे समोरासमोर येतात. एटापल्लीतील माणसांच्या रक्तात विषमयुग्मींची रेलचेल आहे, कारण निवडीने त्यांनाच झुकते माप दिले आणि विवाहांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या घडविले. डासांत विषमयुग्मींचा अभाव आहे, कारण तेथे एक जीवजाती दोन झाली आहे. डासांची ताटातूट नेमकी कशी झाली याविषयी निश्चित विधान करता येत नाही. एक संभाव्य स्पष्टीकरण असे : व्युत्क्रमण झालेल्या भागात जनुकांची अदलाबदल रोखली जाते, त्यामुळे घरात शिरण्याची प्रवृत्ती, माणसाच्या गंधाची ओढ यांसारख्या गुणांची जनुके त्या भागात असल्यास ती एकगठ्ठा टिकतात. मग घरातील डास घरात आणि गोठ्यातील गोठ्यात फोफावतो; मधला संकर दोन्हीकडे उपरा ठरतो. येथे निवड विषमयुग्मीच्या विरुद्ध जाते. विषमयुग्मीचा लाभ समूहाला एकत्र बांधतो, विषमयुग्मीची हानी त्याला दुभंगते.

हा विचार केवळ तात्त्विक नाही. देशात १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा व १९५८ साली निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या फवारणीने रुग्णसंख्या १९६५ पर्यंत सुमारे एक लाखावर आली, आणि १९७६ साली ती पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. कारणे अनेक होती. पण क्युलिसिफेसिसची डीडीटीविषयीची वाढती सहनशीलता १९५९ सालीच तत्कालीन मुंबई राज्यातील पंचमहाल जिल्ह्यात नोंदली गेली होती. जे डास फवारणीतून वाचले त्यांचीच प्रजा पुढे आली. शिवाय, कोणत्या गावात कोणती जीवजाती आहे हे ठाऊक नसताना केलेली फवारणी निरुपद्रवी बी किंवा टी वर वाया जाऊ शकते आणि प्रतिकाराला मात्र चालना देते.

माणसाच्या बाजूनेही निर्णय समोर आहेत. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली आणि २०४७ हे उद्दिष्टवर्ष ठरविले. तपासणी करून प्रत्येकाला कार्ड द्यावयाचे आणि विवाहापूर्वी ती कार्डे पडताळून पाहावयाची, असा तिचा एक भाग आहे. येथे ‘निर्मूलन’ कशाचे, हे स्पष्ट असले पाहिजे. वाहक पाचात एक असेल तर पंचवीस जोडप्यांत एक जोडपे वाहक-वाहक असते आणि त्यांच्या दर अपत्यामागे चारात एक धोका असतो. अशी जोडपी टळली तर आजारी मुले जन्मणार नाहीत. परंतु जनुक कमी होणार नाही, कारण ते कमी करणारा एकमेव मार्ग म्हणजे आजारी मुलांचे मृत्यू, आणि तोच तर बंद करावयाचा आहे. उलट काहीच केले नाही आणि हिवताप मात्र पूर्णपणे नाहीसा झाला, तर काय होईल? आजारी मुले सर्व दगावतात असे धरले, तर जनुकाचे प्रमाण पहिल्या पिढीत दहास एकवरून अकरास एक होईल, दुसऱ्या पिढीत बारास एक. ते निम्म्यावर, म्हणजे विसास एकवर, यायला दहा पिढ्या, सुमारे अडीचशे वर्षे लागतील. हिवतापाचे कर्ज हिवताप गेल्यावरही फेडावे लागते, आणि ते फेडणारी मुले आज एटापल्लीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासली जात आहेत. वाहकाने वाहकाशी विवाह टाळावा हा सल्ला योग्य आहे. वाहकाने विवाहच करू नये, किंवा वाहक मुलगी म्हणजे सदोष मुलगी, हा त्याचा गावोगाव होणारा अनर्थ मात्र शास्त्राच्या कोणत्याही आधारावर टिकत नाही. तिच्या रक्तातील त्या एका जनुकाने तिच्या पूर्वजांपैकी कित्येकांना बालपणीच्या हिवतापातून तारले असले पाहिजे.

डासांच्या बाजूचे काम स्थानिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. पहाटे घरांतून आणि गोठ्यांतून वेगवेगळ्या नळ्यांत विसावलेल्या माद्या गोळा कराव्यात. त्यांतील अर्धवट अंडी धरलेल्या माद्यांची अंडाशये तीन भाग मिथेनॉल व एक भाग ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात ठेवावीत. आणि दुसऱ्या गुणसूत्रावरील पट्टे वाचावेत. फ्लुविएटिलिसच्या बाबतीत डीएनएच्या एका ठरावीक भागावरूनही एस व टी ओळखता येतात, पण त्यासाठी उपकरणे हवीत. गोळा केलेली प्रत्येक नळी घरातली की गोठ्यातली, बांडियाच्या कोणत्या काठावरची, कोणत्या महिन्यातली, याची नोंद नळीवर त्याच क्षणी केली पाहिजे; मुक्कामावर परतल्यानंतर स्मरणाने केलेल्या नोंदींचा उपयोग होत नाही.